बालपणींचें पुस्तक आणि मागें राहिलेला सोबती



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें मुलांच्या शिक्षणाविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक प्रश्न बहुधा पुढें येतो. कोणी वडील माणूस विचारितो, "मुलांनीं पवित्र शास्त्र वाचावें, गीतें पाठ करावीं, हें समजतें. पण कादंबरी कशाला? जें घडलेंच नाहीं तें घडलें म्हणून सांगणें हें असत्य नव्हे काय? आणि असत्यानें मुलाचें मन घडविणें योग्य आहे काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. तो विचारणारास हंसून वाटेस लावणें बरें नाहीं. कारण बालपणीं जें पुस्तक मनांत शिरतें तें सहसा तेथून निघत नाहीं. पुढें माणूस शंभर ग्रंथ वाचो, बरेंवाईट ठरवितांना तो नकळत त्या पहिल्या पुस्तकाच्याच मापानें मोजीत असतो.

आमच्या मनांत असें एक पुस्तक शिरलें. त्यानें आमचें पुष्कळ बरें केलें, आणि त्याच पुस्तकाच्या आधारें आम्हीं एका गरीब माणसाचें वाईटहि केलें. त्या दोन्हींचा हिशेब आज वाचकांपुढें मांडावा असें मनांत आहे.

तें पुस्तक म्हणजे जॉन बन्यन या इंग्रज लेखकाचें 'यात्रिकक्रमण'. मूळ इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १६७८ सालीं निघाला, आणि हरि केशवजी यांनीं तो १८४१ सालीं मराठींत आणिला. मराठींतील पहिली स्वतंत्र कादंबरी हा मान बहुधा बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'स देतात. तिच्याहि आधीं सोळा वर्षें हा परदेशीं यात्रेकरू मराठी बोलूं लागला होता. पंडित लोक या ग्रंथास कादंबरी न म्हणतां रूपककथा म्हणतात. पण मुलास हा भेद ठाऊक नसतो. एक माणूस घरांतून निघतो, वाटेंत त्याला राक्षस भेटतात, आणि तो शेवटीं पोंचतो कीं नाहीं हें कळल्यावांचून झोंप येत नाहीं. मुलाच्या लेखीं कादंबरी ती हीच.

आमच्या घरीं या पुस्तकाची एक जुनी प्रत होती. तिचें पुठ्ठ्याचें वेष्टन कधींच गेलें होतें, शेवटचीं दोनचार पानें उंदरांनीं कुरतडलीं होतीं, आणि तींत केवळ पहिलाच भाग होता. दुसराहि भाग आहे हें आम्हांस पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें. आमचे वडील उपदेशक होते. पावसाळ्यांत ओढ्याला पूर येऊन बाहेरगांवीं जाणें बंद झालें म्हणजे रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते कंदिलाजवळ बसून तें पुस्तक मोठ्यानें वाचीत. आई चुलीपुढील आवराआवर करीत करीत ऐके. तिला वाचतां येत नव्हतें. शेजारचे तात्या, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, ओसरीच्या खांबाला टेकून बसत. त्यांचा उजवा पाय लहानपणींच अधू झाला होता. त्यामुळें मांडी घालून बसणें त्यांस जमत नसे. ते कधीं कांहीं विचारीत नसत, पण वाचन संपलें तरी बराच वेळ उठतहि नसत.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. कल्पित कथा ही असत्य होय काय? हा आक्षेप बन्यनालाहि त्याच्या सोबत्यांनीं घेतला होता. ग्रंथाच्या आरंभीं त्यानें पद्यांत जो खुलासा लिहिला आहे, त्यांत तो सांगतो कीं हें लिखाण मित्रांस दाखविलें तेव्हां कोणी छापावें म्हणाले, कोणी छापूं नये म्हणाले. त्यानें उत्तर दिलें तें असें कीं शास्त्रांतील संदेष्टेहि छाया, उपमा व दृष्टांत यांच्या द्वारें बोलले आहेत. हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटतें. उधळ्या पुत्राचें गांव कोणतें, त्याच्या बापाचें नांव काय, हें कोणी विचारीत नाहीं. असत्य तें, जें दुसऱ्यास फसविण्याकरितां सांगितलें जातें. दृष्टांत सांगणारा कोणास फसवीत नाहीं. तो ऐकणाराच्या हातीं एक आरसा देतो.

पण आरसा म्हटला म्हणजे दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे. आरशांत पाहणारा आपलें तोंड पाहतो, कीं शेजाऱ्याचें? दावीद राजानें उरीयाच्या बायकोविषयीं मोठें पाप केलें, तेव्हां नाथान संदेष्ट्यानें त्याला एका श्रीमंताची व एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती ऐकून राजाला त्या श्रीमंताचा अत्यंत संताप आला. संताप खरा होता, न्यायहि बरोबर होता. पण गोष्टींतील तो श्रीमंत म्हणजे आपणच, हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. नाथानानें बोट राजाकडे वळविलें नसतें, तर राजा ती कथा ऐकून आपल्या न्यायीपणावर खूष होऊन निजला असता. यावरून आम्ही असें शिकलों कीं कथा कल्पित आहे एवढ्यानें ती घातक होत नाहीं. ती घातक होते ती वाचणारा आपली जागा चुकतो तेव्हां.

आमची जागा कशी चुकली हें सांगण्यापूर्वीं त्या पुस्तकानें आम्हांस जें चांगलें दिलें त्याबद्दल कृतज्ञता दाखविणें उचित आहे.

पहिली देणगी ओझ्याविषयीं. कथेंतील यात्रेकरू, ज्याचें नांवच ख्रिस्ती असें आहे, तो फाटक्या वस्त्रांनीं, हातांत एक ग्रंथ व पाठीवर मोठें ओझें घेऊन नाशनगरांतून निघतो. वाटेंत पुष्कळ जण त्याला सल्ले देतात, पण तें ओझें कोणाच्यानें उतरत नाहीं, त्याचें त्याला तर मुळींच सोडवत नाहीं. शेवटीं वधस्तंभापाशीं तो येतो आणि तें आपोआप गळून खालच्या कबरेंत नाहींसें होतें. आम्ही रानांतून लांकडांची मोळी डोक्यावर आणीत असूं. मोळी डोक्यावर असतां ती एकट्यानें नीट खालीं ठेवितां येत नाहीं. दारांत कोणी येऊन हात द्यावा लागतो. त्यामुळें कृपा या शब्दाचा अर्थ आम्हांस कोणी समजावून सांगावा लागला नाहीं. आई दारांत येऊन मोळीला हात घाली, आणि मानेवरचा भार एकाएकीं जाई. तारण म्हणजे असेंच कांहीं असावें असें आम्हांस वाटे.

दुसरी देणगी बाजाराविषयीं. व्यर्थतेच्या बाजारांत सर्व कांहीं विकत मिळतें, मान, पदवी, सुख, राज्येंहि. दुकानदार त्या दोघां यात्रेकरूंस विचारितात, तुम्ही काय घेणार? ते म्हणतात, आम्ही सत्य विकत घेतों. यासाठीं त्यांस चिखल फांसून पिंजऱ्यांत घालितात, आणि विश्वासू या नांवाच्या सोबत्यास जाळून मारितात. आमच्या आठवड्याच्या बाजारांत एकदां तेलाच्या दुकानदारानें मोड देतांना चुकून चार आणे जास्त दिले. चार आणे म्हणजे त्या वयांत लहान रक्कम नव्हती. पण विश्वासू जळाला आणि आपण चार आण्यांत विकले जावें, याची लाज वाटून आम्ही अर्ध्या वाटेवरून परत गेलों.

तिसरी देणगी किल्लीविषयीं. मुख्य रस्ता खडकाळ लागला म्हणून ख्रिस्ती व आशावंत हे दोघे कुंपणापलीकडील मऊ कुरणांतून चालूं लागले, आणि निराशा नामक राक्षसाच्या हातीं सांपडले. त्यानें त्यांस संशयगडाच्या अंधारकोठडींत कोंडून बुधवारपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत अन्नपाण्यावांचून ठेविलें, सोट्यानें मारिलें, आणि जीव द्या म्हणून सांगितलें. शनिवारीं मध्यरात्रीं ते प्रार्थना करूं लागले. पहाट होण्याच्या सुमारास ख्रिस्तीला आठवलें कीं आपल्या उराशीं वचन नांवाची एक किल्ली आहे, आणि तिनें या गडाचें कोणतेंहि कुलूप उघडेल. ती किल्ली सर्व वेळ त्याच्यापाशींच होती! पुढील आयुष्यांत दुःखाच्या कित्येक रात्रीं आम्हीं अंधारांत आपल्याच उराशीं हात नेऊन पाहिला आहे, आणि तो रिकामा परत आला नाहीं.

एवढें देणाऱ्या पुस्तकाविषयीं तक्रार करण्यास मन धजत नाहीं. पण ज्या मोठ्या लोकांनीं त्यावर फार प्रीति केली, त्यांनींहि तें डोळे मिटून वाचिलें नाहीं. लंडन येथील प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४–१८९२) याला तें लहानपणीं आपल्या आजोबांच्या घरीं सांपडलें, आणि आपण तें निदान शंभर वेळां वाचिलें असेल असें तो सांगे. तरी तो म्हणत असे कीं कथेंतील सुवार्तिकानें ओझ्याखालीं दबलेल्या माणसास आधीं दरवाज्याकडे बोट दाखविलें हें चुकलें; त्यानें थेट वधस्तंभच दाखवावयास पाहिजे होता. तेव्हां आवडत्या पुस्तकाची परीक्षा करणें म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

आतां आमचा अपराध.

आमची वस्ती मंदिरापासून दीड कोसावर होती. मध्यें एक चढण आणि एक ओढा. रविवारीं सकाळीं सारे मिळून भजनासाठीं निघत. आम्ही अठराएकोणीस वर्षांचे झालों, शहरांतील शाळेंतून परत आलों, आणि तरुण मुलांचें पुढारीपण आपोआप आमच्याकडे आलें. आम्हीं शिस्त लाविली. पहिल्या गीताच्या आधीं पोंचलेंच पाहिजे, वाटेंत कोठें बसावयाचें नाहीं, गीतें गात चालावयाचें. हें सर्व चांगलेंच होतें. परंतु तात्या मागें पडत. कधीं कधीं ते थांबून म्हणत, "अरे, जरा दम घेऊं या." दोनतीनदां आम्ही थांबलों. मग आम्हांस तें सोसेना.

त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आणखीहि एक अढी होती. तात्यांचा बाप्तिस्मा झाला होता, पण त्यांची आई व भाऊ जुन्या धर्मांत होते, आणि भावाच्या घरीं लग्न किंवा मर्तिक असलें म्हणजे ते जात, तेथें दोन दिवस राहत. पुस्तकांत एक चंचल नांवाचा इसम आहे. तो ख्रिस्तीबरोबर मोठ्या उत्साहानें निघतो, पण निराशेच्या दलदलींत पाय रुततांच रागावून घराकडची कड धरून बाहेर पडतो आणि परत जातो. आम्हीं मनांत ठरवून टाकिलें होतें कीं तात्या म्हणजे तो चंचल. आणि आपण कोण, हें तर ठरविण्याचेंहि कारण नव्हतें. मुलगा पुस्तक वाचतो तेव्हां तो नायकच असतो.

एका रविवारीं श्रावणाच्या चिखलांत तात्या ओढ्यापाशीं थांबले. आम्ही पलीकडे पोंचलों होतों. त्यांनीं हांक मारिली. आम्हीं वळून सर्वांच्या देखत म्हटलें, "तात्या, ज्याचें मन मागें ओढतें त्याचेच पाय चिखलांत रुततात. पुस्तकांत लिहिलेंच आहे." आणि आम्हीं खरोखरच दोन्ही कानांवर हात ठेविले, जसा ख्रिस्ती नाशनगरांतून पळतांना ठेवितो. सोबतीं असलेलीं मुलें हंसलीं.

तात्या रागावले नाहींत. पाण्याच्या अलीकडून त्यांनीं एवढेंच विचारिलें, "तुझ्या त्या पुस्तकांत कोणी लंगडा नव्हता काय रे?"

आम्ही म्हणालों, "नाहीं." आणि तें आम्हांस खरेंच वाटत होतें.

ते तेथेंच लिंबाखालीं बसले आणि मग घरीं परतले. त्यानंतर कित्येक महिने ते भजनास आले नाहींत.

वाचकहो, येथें जो विषय निघाला तो आमच्या एकट्याचा नाहीं. महाराष्ट्रांत ज्यांनीं ज्यांनीं ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांच्या घराण्यांत कोठें तरी असा एक ओढा आहे, आणि त्याच्या दोन तीरांवर एकाच रक्ताचीं माणसें उभीं आहेत. ख्रिस्ती कानांत बोटें घालून, बायको व मुलें हांका मारीत असतां, जीवन जीवन म्हणत पळतो. हें दृश्य आमच्या लोकांनीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं आपल्या अंगणांत पाहिलेलें असतें. मग प्रश्न असा कीं तें योग्य आहे काय? ज्याचा जीव वांचवावयाचा आहे त्यानें आपलीं माणसें मागें टाकावीं काय?

प्रभूनें एके ठिकाणीं सांगितलें आहे कीं जो आईबापांवर माझ्यापेक्षां अधिक प्रीति करितो तो मला योग्य नाहीं. हें वचन आम्हांस पुसून टाकितां येत नाहीं. पण तोच प्रभु वधस्तंभावर असतां आपल्या आईकडे पाहतो आणि तिला आपल्या शिष्याच्या स्वाधीन करितो. पौलानेंहि घरादाराच्या आधीं ख्रिस्ताला मान दिला. तरी रोमकरांस लिहितांना तो म्हणतो कीं माझ्या जातभाईंसाठीं मीच शापित व्हावें अशीहि इच्छा मीं केली असती. यावरून आम्हांस असें दिसतें कीं मार्ग सोडणें एक आणि माणूस सोडणें दुसरें. जुना मार्ग सोडावयाचा असेल तर कधीं कधीं कान झांकावे लागतात, कारण हांक मारणारा परत बोलावीत असतो. पण जो परत बोलावीत नाहीं, केवळ थांबा म्हणतो, त्याच्यापुढें कान झांकणें हा विश्वास नव्हे. तो गर्व होय. आणि जो भावाच्या मर्तिकाला जाऊन दोन दिवस बसतो तो परत फिरलाच असें म्हणावयाचा आम्हांस काय अधिकार? कदाचित् तो ओढ्याच्या दोन्ही तीरांवरील माणसांस धरून ठेवीत असेल.

बन्यनाला हें ठाऊक होतें कीं नव्हतें? त्याचें चरित्र पाहिलें म्हणजे उत्तर मिळतें. तो १६२८ सालीं बेडफर्डजवळच्या एल्स्टो गांवीं जन्मला; भांडीं डागडुजी करणारा कारागीर, शिक्षण बेताचें. परवान्यावांचून उपदेश करितो म्हणून १६६० सालीं त्याला पकडिलें. पुन्हां उपदेश करणार नाहीं एवढें वचन दिलें असतें तर सुटका होती. तें त्यानें दिलें नाहीं, आणि १६७२ सालापर्यंत, सुमारें बारा वर्षें, तो बेडफर्डच्या तुरुंगांत राहिला. घरीं दुसरी बायको एलिझाबेथ आणि पहिल्या बायकोचीं चार मुलें. त्यांत थोरली मेरी आंधळी होती. १६६१ सालीं एलिझाबेथनें न्यायाधीशांपुढें उभें राहून नवऱ्यासाठीं रदबदली केली, पण ती व्यर्थ गेली. तुरुंगांत बसून तो नाड्यांना धातूचीं टोंकें बसवी आणि त्या मिळकतीवर घर चालावें अशी खटपट करी. १६६६ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत तो लिहितो कीं बायकामुलांचा वियोग आपल्यास हाडांवरून मांस ओढून काढिल्यासारखा वाटे, आणि सर्वांत अधिक त्या आंधळ्या मुलीची काळजी वाटे. कानांत बोटें घालणाऱ्या यात्रेकरूचा लेखक असा होता. बोटें कानांत होतीं, पण हृदयाला दार होतें आणि तें उघडें होतें.

पहिल्या भागांतहि याची खूण आहे. आम्हींच ती पाहिली नाहीं. शोभिवंत मंदिरांत प्रीति नांवाची कुमारी ख्रिस्तीला विचारिते, तूं आपल्या बायकोला व मुलांना बरोबर कां आणिलें नाहींस? तेव्हां तो रडतो. आपोल्लुओनाशीं तरवारीनें लढणारा वीर एका साध्या प्रश्नापुढें रडतो. वडिलांनीं तें प्रकरण अनेकदां वाचिलें असेल. आम्हांस त्यांतील केवळ तरवार आठवत राहिली.

पुढें पुष्कळ वर्षांनीं एका पाळकांच्या घरीं आम्हांस या ग्रंथाचा दुसरा भाग मिळाला. तो १६८४ सालीं, पहिल्यानंतर सहा वर्षांनीं, निघाला होता. त्यांत ख्रिस्तीची मागें राहिलेली बायको आपल्या चार मुलांस व दया नांवाच्या शेजारणीस घेऊन त्याच वाटेनें निघते. वाट तीच, पण चाल निराळी. या वेळीं एकटा वीर पळत नाहीं. बायका, मुलें, म्हातारे असा तांडा चालतो, आणि त्यांच्याबरोबर थोरमना या नांवाचा वाटाड्या असतो. वाटेंत त्यांस एक दुर्बळमना भेटतो. एका राक्षसाच्या हातून त्याला सोडवितात, पण तो म्हणतो, तुम्ही सशक्त आहां, तुमच्या चालीनें मला चालवणार नाहीं, मी ओझें होईन. थोरमना त्याला उत्तर देतो तें असें कीं दुर्बळांस आधार देणें हीच आमची आज्ञा. आम्ही तुझ्यासाठीं थांबूं, तुला हात देऊं, आणि तुझ्याकरितां आमच्या कांहीं गोष्टी सोडून देऊं.

हें बोलणें चाललें असतांच मागून एक मनुष्य येतो. त्याच्या दोन्ही हातांत कुबड्या असतात. त्याचें नांवच लंगडत चालणारा असें आहे. तो येतांच दुर्बळमन्याला आपली एक कुबडी देऊं करितो.

तें पान वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. ओढ्याच्या अलीकडून विचारलेला प्रश्न कानांत घुमूं लागला. पुस्तकांत लंगडा होता. आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें होतें. आणि तें ज्यांस सांगावयाचें ते तात्या तोंपर्यंत वारले होते.

त्या भागांतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या तांड्यांतील थोरमना व त्याचे कांहीं सोबती निराशा राक्षसाला ठार मारितात आणि संशयगड सात दिवस खपून पाडितात. आंतून दोन कैदी जिवंत निघतात, एक खिन्न म्हातारा आणि अतिभीता नांवाची त्याची मुलगी. तेव्हां आनंदानें वाद्यें वाजूं लागतात, आणि तो लंगडा एका हातांत कुबडी धरून, दुसऱ्या हातानें त्या मुलीचा हात धरून नाचतो. पहिल्या भागांत ज्या गडांतून दोन बळकट पुरुष कसेबसे निसटले, तो गड दुसऱ्या भागांत पडतो. आणि ज्या तांड्यांतील माणसें तो पाडितात, त्या तांड्यांत लंगडे व दुबळेहि असतात. ख्रिस्ती स्वतः सुटला. तांड्यानें मागून येणारांसाठींहि वाट मोकळी केली.

आणि बन्यनाचा शेवट कसा झाला? १६८८ सालीं एका तरुणावर त्याचा बाप रुष्ट झाला होता. त्या दोघांचा समेट करण्यासाठीं बन्यन घोड्यावरून रेडिंग गांवीं गेला. समेट झाला. तेथून लंडनकडे येतांना त्याला जोराच्या पावसानें गांठलें, ज्वर आला, आणि ३१ ऑगस्ट रोजीं तो मरण पावला. कानांत बोटें घालून घर सोडणाऱ्या यात्रेकरूची कथा ज्यानें लिहिली, त्याचा शेवटचा प्रवास एका मुलाला बापाच्या दारीं नेऊन पोंचविण्यासाठीं होता.

आमच्या तात्यांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. आम्हीं त्यांस टाकिलें, पण ते टाकले गेले नाहींत. त्या पावसाळ्यानंतर आई एका रविवारीं पहाटेसच उठली, भाकरी बांधून घेतली, आणि त्यांच्या दारांत जाऊन म्हणाली, "भावजी, उठा. आपण आधीं निघूं, म्हणजे सावकाश जातां येईल." तिनें उपदेश केला नाहीं, कीं आमच्या वतीनें क्षमाहि मागितली नाहीं. तेव्हांपासून तात्या जिवंत होते तोंवर तीं दोघें दर रविवारीं आमच्या एक तास अगोदर निघत. ओढ्यापाशीं बसून भाकरी खात. आम्ही गीतें गात मागून येऊन त्यांच्या पुढें जात असूं, आणि पुढें जातांना आम्हांस मान वर करवत नसे. तरी क्षमा मागण्याचा दिवस आम्हीं पुढें पुढें ढकलला, आणि एके दिवशीं तो आमच्या हातीं राहिला नाहीं.

दुसरा भाग मिळाला तेव्हां आम्हीं तो घरीं आणून आईला वाचून दाखविला. लंगडा कुबडी देऊं करितो तेथपर्यंत आल्यावर तिनें आम्हांस थांबविलें. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "म्हणजे लिहिणाराला ठाऊक होतें तर."

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. आईबापांनो, मुलांच्या हातीं चांगली कथा अवश्य द्या. उपदेशक बंधूंनो, ती त्यांच्याबरोबर बसून वाचा, आणि आमचे वडील वाचीत तशी मोठ्यानें वाचा, म्हणजे ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांसहि ती ऐकूं येईल. पण वाचून झाल्यावर मुलाला एक प्रश्न विचारा: यांत तूं कोण? तो म्हणेल, मी ख्रिस्ती. बरें म्हणा. मग विचारा, कालच्या दिवशीं तूं कोण होतास? आणि विचारा, तूं ज्याला चंचल म्हणतोस त्याच्या पायाकडे तूं कधीं पाहिलें आहेस काय? नाथानानें राजाला विचारिलें तें हेंच. हा प्रश्न आम्हांस वेळेवर कोणी विचारिला असता तर आम्ही ओढा उतरून परत अलीकडे आलों असतों. पाणी गुडघ्याइतकेंच होतें.

येत्या रविवारीं भजनास निघाल तेव्हां वाटेंत एकदां मागें वळून पाहा. कोणी लिंबाखालीं बसला असेल, तर गीत थोडें उशिरां सुरू झालें तरी चालेल.